तक्क्याची वही

तक्क्या ओकायच्या आधी गातो.

खरंच सांगते. त्याच्या पोटातून आवाज येतो, हुप्, हुप्, लांब कुठेतरी कुणी विहिरीत बादली सोडतंय आणि ती कडांना आपटत खाली जातेय तसा. मग पाठीची कमान होते, मान खाली जाते. तिथून तुमच्या हातात सात आकडे. सात म्हणायच्या आत त्याच्या तोंडाखाली वर्तमानपत्र गेलं पाहिजे. मी पाचात पोचते. शाळेत माझा कशात नंबर आला नाही, पण यात माझा हात कुणी धरणार नाही.

तक्क्या म्हणजे आमचा कुत्रा. रंग मळक्या दोरीचा, एक कान उभा, एक आडवा. पिल्लू होता तेव्हा आईने उरल्यासुरल्या कापडांचा एक तक्क्या शिवला होता टेकायला. त्याच्यावर हा जो झोपला तो उठेचना. मग 'तक्क्या कुठाय' म्हटलं की कोणता, ते कळेना. शेवटी खरा तक्क्या शेजारी देऊन टाकला.

आमच्या घरात उजेड कधी स्वतःच्या रंगात येत नाही. आई लोकांचे पडदे शिवते, आणि शिवून झाला की खिडकीला टांगून दोन दिवस बघते, नीट पडतोय का. त्यामुळे सोमवारी आम्ही तळ्याच्या तळाशी असतो, सगळं हिरवं, भांडीसुद्धा पोहतात. बुधवारी मधाच्या बाटलीत. एकदा निळे पडदे होते तेव्हा तक्क्या दिवसभर भिंतीवरच्या सावलीकडे बघत शेपूट हलवत होता, आणि मी पण बघत होते, आणि दुपार कुठे गेली ते दोघांनाही कळलं नाही. आई म्हणाली, "दोन रिकामटेकडे." मी म्हटलं, "तो रिकामा नाही, त्याच्या पोटात काहीतरी आहे." लगेच हुप्.

बाबा रस्त्यावर पट्टे मारतात. पांढरे, पिवळे, शाळेपुढचे, दवाखान्यापुढचे. घरी येतात तेव्हा त्यांच्या बुटांवर थोडा रस्ता असतो. मला ते ठिणगी म्हणतात. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर, हे मला मान्य आहे. त्यांचा कुठे असतो ते मला बरीच वर्षं कळलं नव्हतं.

नववीत मी शाळा सोडली. का, ते विचारू नका, सगळे तेच विचारतात. बसवत नव्हतं, बस्स. शाळेत परत घ्यायचा फॉर्म बाबांनी आणून फ्रिजवर चुंबकाखाली लावलाय. दूध काढायला गेलं की तो फडफडतो, कुणीतरी घसा साफ केल्यासारखा.

तर झालं असं की तक्क्या एका बाईंच्या पांढऱ्याशुभ्र पडद्यावर ओकला. बाई पडदा न्यायलाच आल्या होत्या. मी पाचात पोचले, पण वर्तमानपत्र कालच संपलं होतं. बाईंनी नुसता रुमाल नाकाला लावला. तेच आईला लागलं.

"महिना झाला हे चाललंय," बाई गेल्यावर आई म्हणाली. "पुढच्या आठवड्यात नाटकाच्या थिएटरचा पडदा येतोय घरात. लाल मखमल. सबंध! मखमलीवर पाण्याचा थेंब पडला तरी डाग राहतो. ह्याने एकदा जरी तोंड उघडलं ना, तर हा आत्याकडे जाईल. मी सांगून ठेवते."

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिला गेटाशी भुंकायला कुत्रा हवाच आहे. तिचा आधीचा कुत्रा साखळीच्या लांबीएवढं गोल गवत तुडवून तुडवून मेला. ते गोल अजून आहे तिथे. गवत उगवत नाही.

मी तक्क्याला उचलून तडक जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांचा दवाखाना पायऱ्या उतरून खाली आहे. खिडकीतून फक्त लोकांचे बूट जाताना दिसतात. तिथे बसलं की वाटतं, वरचं जग नुसतं बुटांचंच आहे.

"काय काय देतेस खायला?" डॉक्टरबाईंनी त्याचं पोट चाचपत विचारलं.

"आधी निळ्या पिशवीतलं कोरडं. ओकला. मग लाल पिशवीतलं. ओकला. मग भोपळा. मग नुसती अंडी. मग..."

"प्रत्येक किती दिवस?"

"दोन. कधी तीन."

"आणि मग?"

"मग माझं डोकं फिरतं."

"डोकं तुझं फिरतं आणि पोट त्याचं," त्या म्हणाल्या. चष्म्यावरून बघून. मला राग आला, पण वाक्य चांगलं होतं.

त्यांनी रक्त काढलं. बाबांचा रंग चाटतो का, विचारलं. मी म्हटलं, त्या बुटांना तो शिंकतो. दोन दिवसांनी परत गेले तेव्हा कागद बघून म्हणाल्या, रक्त चांगलं आहे, सगळं जागेवर आहे, आता गुन्हेगार फक्त खाणंच. "शिजवलेली कोंबडी, कातडी काढून. मऊ भात. मीठ नाही, तेल नाही. चार वेळा, मूठमूठ. पहिली मूठ सकाळी उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी पिवळं पाणी पडतं म्हणून. दहा दिवस हेच. दुसरा कणसुद्धा नको. आणि वही ठेव."

"मी वह्या ठेवत नाही."

"मग लक्षात ठेव."

तक्क्याने माझ्याकडे बघितलं.

"असली तर एखादी द्या," मी म्हटलं.

त्यांनी खणातून एक पातळ वही काढली. वर वासराचं चित्र. मी ती पँटच्या मागच्या खिशात कोंबली, कुणाला दिसू नये म्हणून.

मखमल आली त्या दिवशी चार माणसांनी ती खांद्यावरून आणली, एखादं मोठं झोपलेलं जनावर आणावं तशी. आईने पसरली तेव्हा पुढची खोली भरली, मग मधली, मग ती उंबऱ्यावरून स्वयंपाकघरात उतरली आणि ओट्यापाशी थांबली. आम्ही कडेकडेने चालायला लागलो. बाबा बूट बाहेर काढून, हातात डबा धरून, भिंतीला पाठ लावून आत यायचे. आई मधोमध मशीन घेऊन बसली होती, लाल समुद्रात होडी घेऊन बसल्यासारखी, आणि मशीनचा आवाज म्हणजे वल्ह्याचा आवाज.

दुपारी आई जरा आडवी झाली की मी आणि तक्क्या काठाखाली शिरायचो. आतून सगळं गडद, गरम, मऊ. तक्क्या झोपला की स्वप्नात पळतो, चारी पाय हलतात, ओठ थरथरतात. मी त्याच्या पोटाला कान लावायचे. आत मला एक खोली दिसायची, लहानशी, एक दिवा, आणि एका टेबलाशी कुणीतरी बसलेलं. येईल ती वस्तू उचलून बघतंय. भात? हा आपला. कोंबडी? आपली. आणि मग एखादी वस्तू उचलून ते म्हणतंय, हे आपलं नाही, हे चुकून इकडे आलंय, परत पाठवा. काय होती ती वस्तू, ते मला दिसायचं नाही. तेवढ्यात मशीन सुरू व्हायचं.

वही अशी चालली होती:

'पहिला दिवस. चार वेळा मूठमूठ. काही नाही. शी चांगली.
दुसरा. तसंच. तक्क्या माझ्याकडे असा बघतो की मी त्याला तुरुंगात टाकलंय.
तिसरा. तसंच. संध्याकाळी जेवताना बाबांशी वाजलं. फॉर्म. मी जेवले नाही.
चौथा. सकाळी ओकला!! मागच्या पायरीवर. भात आणि काहीतरी चकचकीत. आईला सांगितलं नाही.
पाचवा. काही नाही.
सहावा. काही नाही. संध्याकाळी परत बाबा. म्हणे, डोकं आहे पण ठेवतेस कुठे. मी ताट सोडून उठले.
सातवा. ओकला.'

सातव्या दिवशी आईने बघितलं. मखमलीपासून दोन बोटं. वर्तमानपत्राच्या कडेवर पिवळसर घट्ट काहीतरी पसरलं, आणि सकाळच्या उजेडात ते चमकत होतं.

आई ओरडली नाही. ती हळू बोलली की वाईट असतं. "रविवारी आत्या येईल. मी फोन करते."

"अजून दहा दिवस झाले नाहीत!"

"तीन घरं भरतील एवढी मखमल मला एका घरात सांभाळायची आहे, बये. मला तुझे दहा दिवस नकोत."

मी मागच्या पायरीवर वही घेऊन बसले. तक्क्या पायाशी. वहीची मला चीड आहे, पण डोळे चांगले आहेत माझे, आणि डोळ्यांना आपोआप दिसलं. वाजलं, ओकला. वाजलं, ओकला. अंगावर काटा आला. बिचारा घाबरतो! आमच्या आवाजाने त्याचं पोट ढवळतं! मी तसाच डॉक्टरबाईंना फोन लावला.

"होतं असं कधी कधी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "भांडणाने जनावराचं पोट बिघडतं. पण तू म्हणतेस चमकत होतं?"

"हो. बोटाला लावलं तर बुळबुळीत."

"शी! लावलंस? बरं केलंस. मग मला सांग, भांडणातून लोणी कसं येतं?"

मी फोन ठेवला आणि किती वेळ तशीच बसून राहिले कोण जाणे. समोर भिंतीवर दोरीवरच्या कपड्यांच्या सावल्या हलत होत्या, एकमेकींच्या अंगावरून जात होत्या, कुणाला लागत नव्हतं.

मग ठरवलं. भांडायचं. मुद्दाम. आणि लपून बघायचं, नंतर त्याच्या तोंडात काय जातं ते.

आठव्या दिवशी संध्याकाळी बाबा लवकर आले. रस्त्यावरचे दिवे नुकते लागत होते, एकेक, उठावं की नाही असा विचार करत. आम्ही स्वयंपाकघरात मखमलीच्या काठाशी ताटं घेऊन बसलो, गुडघे पोटाशी घेऊन. मी पहिला घास घेतला आणि म्हटलं, "तो फॉर्म मी उद्या फाडणार आहे."

आईचा हात थांबला. "झालं सुरू."

"फाड," बाबा म्हणाले. "मी दुसरा आणीन."

"तो पण फाडीन."

"ठिणगे, तुला कळतंय का, आयुष्यभर काय करणार आहेस? उन्हात रस्त्यावर पट्टे मारणार आहेस?"

"तुम्ही मारताच की!"

भांडण मी खोटं सुरू केलं होतं. दुसऱ्याच वाक्याला ते खरं झालं. बाबांचा चेहरा पुसल्यासारखा झाला, ओल्या रंगावरून कुणी हात फिरवावा तसा. मला ते वाक्य परत तोंडात घ्यायचं होतं, पण मी काय केलं, तर उठले, ताट खाली ठेवलं, धाडकन खोलीचं दार लावलं. मग खिडकीतून उतरून पुढच्या दाराने परत आत आले आणि तिथेच मखमलीच्या काठाखाली शिरले. पोटावर सरपटत सरपटत, लाल अंधारातून, मशीनजवळच्या फटीपर्यंत. तिथून तक्क्याची चटई दिसते.

आधी मला आईचे पाय दिसले. मग आई वाकली. हातात चीजचा तुकडा. चांगला अंगठ्याएवढा.

"खा बाळा," ती म्हणाली. असला मऊ आवाज मी आजारी असतानाच ऐकलाय. "त्या दोघांना कोण समजावणार? तू तरी खा सुखाने."

तक्क्याने तो गिळला. चावला पण नाही.

मला बाहेर यायचं होतं, पण तेवढ्यात बाबांचे मोजे आले. अंगठ्याला भोक असलेले. बाबा उकिडवे बसले. त्यांच्याकडे पाव होता, आणि पावावर लोणी. लोणी म्हणजे असं की खाली पाव आहे हे विश्वासाने मानायचं. त्यांनी एक तुकडा तक्क्याला दिला, आणि मग दुसरा हातातच धरून बसले.

"तिला सांग तू," ते हळूच म्हणाले. "पट्टे मारण्यात वाईट काही नाही. ऊन लागतं, एवढंच. ऊन लागू नये म्हणून म्हणतो मी. माझ्या तोंडून नीट निघत नाही ते."

तक्क्याने उभा कान हलवला. त्याला ही बातमी नवी नव्हती. कितीदा ऐकली असेल त्याने. दोन दिवसांपूर्वी, पाच दिवसांपूर्वी, गेला सगळा महिना, आमच्या प्रत्येक भांडणानंतर. त्याच्या पोटातल्या खोलीत टेबलाशी बसलेलं ते माणूस एकेक वस्तू उचलून का म्हणत होतं, हे आपलं नाही, हे दुसऱ्या कुणासाठी होतं, ते मला तेव्हा कळलं.

मखमलीखाली माझे डोळे भरून आले, आणि मला त्याचाही राग आला.

मी तशीच उठले. म्हणजे मखमलीसकट. बाबांच्या समोरचा समुद्र एकदम उभा राहिला आणि ओरडला, "चोर!"

बाबा मागे पडले. आई धावत आली. "अगं माझी मखमल! चुरगळतेस कशाला, उतर खाली!"

"तू पण चोर!" मी म्हटलं. माझ्या डोक्यावर अजून लाल पदर होता. "चीज कुणी दिलं? मी इथे मुठी मोजतेय, कातडी सोलतेय, वही लिहितेय, मी! वही! आणि तुम्ही दोघं लपून चारताय? तो मरेल ना अशाने! आणि वर आत्याकडे पाठवायचं म्हणे! मी एक कण दिला नाही त्याला. एक कण!"

"मग ते ताट कुणाचं?" आई म्हणाली.

"कुठलं ताट?"

आईने नुसतं बोट केलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, जमिनीवर, तक्क्या आता शांतपणे एक ताट चाटत होता. काठाला टवका गेलेलं. तो टवका माझ्याच हातून गेलाय, दोन वर्षांपूर्वी, असाच रागात. भात संपला होता, वरचं तुपकट कालवण संपलं होतं, आता तो ताटाचा आरसा करत होता.

मी आठवून बघितलं. दर वेळी मी ताट खाली ठेवते आणि उठते. दर वेळी सकाळी ते स्वच्छ असतं. मला वाटायचं आईने घासलं.

वहीत मी लिहिलं होतं, 'मी जेवले नाही.' मी नाही जेवले, तर कोण जेवलं, हा प्रश्न मला पडला नव्हता. आणि म्हणे डोळे चांगले आहेत.

तेवढ्यात विहिरीत बादली उतरायला लागली.

हुप्.

तक्क्या ताटापासून दोन पावलं मागे आला. मखमलीवर. पाठीची कमान झाली.

एक. मी वळले आणि पदरात पाय अडकून पडले. दोन. बाबा म्हणाले, "कागद, कागद," आणि स्वतःच्याच खिशात शोधायला लागले. तीन. वर्तमानपत्र मशीनच्या पलीकडे. चार. मला ते दिसत होतं, पण सगळं पाण्याखाली चालल्यासारखं हळू. पाच. सहा.

आई गुडघ्यांवर बसली आणि तिने आपला एप्रन दोन्ही हातांनी धरून त्याच्या तोंडाखाली ओंजळीसारखा पसरला.

सात.

मखमलीला थेंब लागला नाही.

तक्क्या दमून बाजूला झाला आणि अंग झाडलं. आम्ही तिघं एप्रनभोवती वाकलो. घाण वाटायला हवी होती, पण कुणालाच वाटली नाही.

"हे चीज माझं," आई म्हणाली. "जसंच्या तसं आहे बघा. हा पाव तुमचा, लोण्यासकट. आणि हा भात कार्टीचा."

"तीन तिघाडा," बाबा पुटपुटले.

"मग आता आत्याकडे कोण जाणार?" मी विचारलं.

आईने एप्रनच्या गाठी सोडल्या, टोकं एकत्र धरली, गाठोडं केलं. "खाई त्याला खवखवे," ती म्हणाली. "इथे खायला घालणाऱ्याला काहीच होत नाही, हा एकटा सोसतोय. तो कशाला जाईल? गेलो तर आपण तिघं जाऊ साखळीला. गेटाशी भुंकायला हिच्यासारखं कुणी मिळायचं नाही तिला."

बाबा हसले. आधी नाकातून, मग सगळ्या अंगाने. मग एकदम थांबले, कारण त्यांच्या हातात अजून तो पावाचा दुसरा तुकडा होता. त्यांनी तो बघितला. मग माझ्याकडे बघितलं. हात थोडा पुढे आला आणि तिथेच थांबला, पट्टा कुठून सुरू करायचा ते ठरवताना थांबतो तसा.

"लोणी जास्त झालंय," ते म्हणाले.

"चालेल," मी म्हटलं, आणि घेतला.

पाव त्यांच्या मुठीत गरम झाला होता. मी सबंध खाल्ला, उभ्याने, डोक्यावरून मखमल घेऊन. तक्क्या प्रत्येक घासाकडे बघत होता. त्याच्या तोंडचं कुणी काढून घेतलं असा त्याचा चेहरा.

त्याच संध्याकाळी आईने आत्याला फोन केला. नको येऊस म्हणाली, कुत्र्याला काही झालेलं नाही, आम्हालाच झालंय. आत्याने काय ते तीनदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी वहीत नवीन पान काढलं आणि परत एकपासून सुरुवात केली. पडदा गेला तेव्हा सहावा दिवस होता. चार माणसं तो खांद्यावर घेऊन गेली आणि घर एकदम एवढं मोठं आणि पांढरं झालं की आम्ही सवयीने दोन दिवस भिंतीकडेनेच चालत होतो. दहाव्या दिवशी डॉक्टरबाईंनी वही पहिल्यापासून वाचली, समासातलंसुद्धा, आणि एका ठिकाणी मोठ्याने हसल्या. कुठे, ते सांगितलं नाही.

भांडणं थांबली, असं समजू नका. कालच झालं. फॉर्म अजून फ्रिजवर आहे, त्याच्या कोपऱ्यावर आता लोण्याचं बोट उमटलंय. मी ताट ओट्यावर ठेवून उठले, उंच, आणि दार लावून बसले. पाच मिनिटांनी दारावर टकटक झाली. दार उघडलं तर बाबा, बशीत पाव. त्यांच्या पायांमधून तक्क्याचं नाक.

मला अजून राग होता. म्हणून मी अर्धाच खाल्ला. उरलेला त्यांना दिला, आणि ते दारातच उभे राहून खात होते तेव्हा तक्क्या उसासा टाकून वळला, चटईवर जाऊन गोल झाला आणि झोपला. खिडकीला काल कुणाचे तरी राखाडी पडदे होते. त्या उजेडात त्याचे पाय हळूहळू पळायला लागले.